राजकुंवरबाईंच्या नावाचं ताट

सुगंधाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं तिची सून उषा सांगते. मला ते पटत नाही. कारणं तिच्याकडे भरपूर आहेत. बाई फक्त त्यातलं एकही वाया जाऊ देत नाही.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात तिचं गाव. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊस तोडायला जायची. मुकादमाने मोळ्या कमी धरल्या की ही बांधलेली मोळी सोडून त्याच्या पायाशी ओतायची आणि म्हणायची, "आते मोज." नवरा वारला, गुडघे गेले, तेव्हा ती गावातच राहिली. मोहाची फुलं, चारोळी, जे हाती येईल ते वेचून पिंपळनेरच्या बाजारात विकते. ऊसतोडीला आता मुलगा दिवल्या जातो आणि पाणी उषा आणते.

भानगड पाण्याचीच. गावाच्या वरच्या अंगाला आंब्याखाली एक झरा आहे. आटत नाही, पण उघडा. गुरं त्यात उतरतात आणि चैत्र लागता लागता त्याचा चिखल होतो. मग बायकांनी खाली नाल्यात उतरायचं. गेल्या वर्षी त्या उतारावर उषा हंड्यासकट घसरली. हात मोडला आणि जुळला तो वाकडाच. तेव्हापासून सुगंधाबाईने एकच धरलं: झऱ्याभोवती दगडी टाकी बांधायची, खाली तोटी बसवायची आणि वरून झाकायची.

धुळ्याचे पारसमल शेठ कापडाचे व्यापारी. आई राजकुंवरबाई वारल्यावर त्यांनी तिच्या नावाने न्यास काढला. गावकऱ्यांच्या छोट्या कामांना छोटी मदत, असं त्याचं स्वरूप. शेठ माणूस वाईट नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढे सांगायची इच्छा राहणार नाही. न्यासाचा कार्यकर्ता अभिमन देवपूरहून मोटारसायकलवर आला, लोकसहभागावर बोलला, चहा प्यायला, गेला. मग टाकीच्या सिमेंटसाठी आणि मजुरीसाठी मदतीचा पहिला हप्ता आला. त्याच्याही आधी संगमरवरी शिळा आली, 'कै. राजकुंवरबाई यांच्या स्मरणार्थ'. झऱ्याला अजून भिंत नव्हती, पण नाव होतं.

त्या गावात मोठं काम लाहेने होतं. ज्याचं काम असेल त्याने लाह बोलवायची, घरटी माणूस येतो, मजुरी कोणी घेत नाही. देऊ केली तर अपमान. बोलावणाऱ्याने जेवण मात्र द्यायचं, चांगलं द्यायचं, आणि पहिलं ताट आपल्या घरच्या गेलेल्या माणसाच्या नावाने बाजूला काढायचं.

आता इथे बोलावणारा कोण? गावाने बसून विचार केला. पैसा शेठचा, शिळेवर नाव शेठच्या आईचं, म्हणजे लाह शेठची. शेठ बिचारे धुळ्याला. त्यांची इज्जत राखणं आलं गावावर. त्या हप्त्यातून सिमेंट आलं आणि दोन बोकडही आले. भिंत कमरेएवढी उठली. दुपारी शिळेपुढे पहिलं ताट ठेवलं गेलं. नागलीची भाकर, रस्सा, वर नळीचा निवडून काढलेला तुकडा. जी बाई जन्मभर कांदा-लसणाला शिवली नाही, तिच्या नावाने.

साक्रीत माझा फोटोचा धंदा आहे. कामाचे फोटो काढायला न्यासानेच मला धाडलं होतं, म्हणून हे मी पाहिलं. अभिमनही पंगतीत होता. त्याने रस्सा मागून मागून घेतला.

पाहणीला शेठ येणार म्हटल्यावर मात्र त्याच्या पोटातला बोकड जागा झाला.

"अक्का, मजुरी दिली म्हणून सांगा. बाकी काही बोलू नका," तो सुगंधाबाईला म्हणाला.

"मजुरी कोणले दिधी?"

"कोणालाच नाही. पण सांगायचं."

"म्हणजे मन्हं गाव पैसा घीसन लाहले वनं, असं सांगू? लोके थुकतीन मन्हावर."

"बोकडाचं सांगितलंत तर सगळं बुडेल."

"तू खादं तव्हय नही बुडनं?"

शेठ आले. चढणीने दम लागलेला, पण भिंत पाहून खूश. हात जोडून म्हणाले, "अक्का, आईला फार बरं वाटलं असतं. लोकांना मजुरी वेळेवर पोचली ना?"

"मजुरी कसानी, शेठ? लाह व्हती तुम्हनी," सुगंधाबाई म्हणाली. चांगली बातमी द्यावी तशी ती सांगत होती. "बठ्ठा गाव जेवना तुम्हना नाववर. बोकड कापं. पहिलं ताट तुम्हनी मायना नावनं."

शेठ खाली दगडावर बसले. शिळेकडे बघितलं. "माझ्या आईपुढे?" एवढंच म्हणाले. दुःख खरं होतं, त्याची थट्टा मी करणार नाही.

तेवढ्यावरून बाईला कळलं. तिने पदर खांद्यावर घेतला, हात जोडले. "चुकनं, शेठ. आम्हले ठाऊक नव्हतं. त्या ताटनी माफी मांगस."

तिथे मिटलं असतं. पण अभिमनला नोकरी होती. "मी यांना आधीच बजावलं होतं साहेब. या लोकांच्या हातात पैसा दिला की हेच होतं."

"तू कितल्या वाट्या पिध्यात रे?" सुगंधाबाईने विचारलं. "शेवटली मीच वाढी तुले."

शेठनी अभिमनकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले. "जेवणावर खर्च केला, त्याबद्दल गावाने माफी मागायची. मग पुढचा हप्ता. तोवर काम बंद."

"ताटनी माफी मांगी मी. जेवणनी मांगाव नही. उपाशीपोटी लाह कोण करी? तुम्हना घर काम करीसन माणूस उपाशी जास का?"

"मग हप्ता नाही."

"आणि पाणी?"

शेठ चढण उतरायला लागले होते. गाडीत पाण्याच्या बाटल्या होत्या.

पुढे धुळ्याला न्यासाचा वार्षिक कार्यक्रम झाला. मी काढलेला फोटो तिथे पडद्यावर मोठा करून दाखवला. वाकड्या हाताने दगड पुढे सरकवणारी उषा, खाली अक्षरं: 'स्वावलंबनाकडे वाटचाल'. वाटचाल कुठे थांबली आणि कोणी थांबवली, ते अक्षरांत बसलं नसावं. लोकसहभागासाठी अभिमनला शाल-श्रीफळ मिळालं. नंतर पाहुण्यांना जेवण होतं, न्यासाच्याच खर्चाने. दालबाटी उत्तम झाली होती म्हणे. मला पान वाढलं होतं, मी तसंच टाकून उठलो. त्या हॉलमधल्या एकालाही जेवल्याबद्दल कोणी माफी मागायला लावली नाही.

इकडे सुगंधाबाईने लाह बोलावली, स्वतःच्या नावाने. बोकड तिला परवडणार नव्हता. उडदाची डाळ आणि नागलीची भाकर केली. पहिलं ताट नवऱ्याचं. गावातल्या कोणी तोंड वाकडं केलं नाही. सिमेंट संपलं होतं, म्हणून वरचे थर मातीत बसवले. किती टिकतील, मला विचारू नका. बाईलाही विचारू नका, अंगावर येईल.

झाकणाला काहीच नव्हतं. तेव्हा तिचं लक्ष शिळेकडे गेलं.

हे अभिमनच्या कानावर कोणी घातलं कोण जाणे. त्याचा फोन आला. शिळा न्यासाची मालमत्ता आहे, परत पाठवा म्हणाला.

"घी जाय ना," सुगंधाबाई म्हणाली. "ये, डोकावर उचल आणि उतर घाट. जेवाले वाढसू तुले."

तो आला नाही. चौघांनी शिळा उचलून टाकीच्या तोंडावर आणली. उषाने विचारलं, "आत्याबाई, नाव खाल करूत का?"

"वरच राहू दे," बाई म्हणाली. "म्हातारीनं काय बिगाडं आपलं? पोऱ्यानं बिगाडं."

मग खाली बसून तिने पदराच्या टोकाने त्या अक्षरांवरची माती पुसली, आणि उषाला हंडा आणायला पाठवलं.