मावशींची मागची भिंत

आमच्या घरी आल्यावर मावशी आधी बसायच्या नाहीत. दारातून सरळ आत जायच्या, मागच्या भिंतीला उलटा हात लावायच्या आणि म्हणायच्या, "बाई, वल हाये. कपाट पुढं वढा. भितीला वारा लागू द्या." मग चहा.

सत्तरच्या दशकात मी हिंगोलीत शाळेवर होते. आमच्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांची मागची भिंत नाल्याच्या बाजूला. पावसाळ्यात तिला अशी बुरशी धरायची की टांगलेल्या कपड्यांनाही वास लागायचा. मावशी शेजारच्या खोलीत राहायच्या. त्यांचे यजमान, काका, हळदीच्या अडतीवर माल तोलायची तोलारी करत. गल्लीत कुणाच्याही घरी बुरशी दिसली की मावशींना राहवायचं नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यापुढे आपलं घर आपलं राहत नाही.

पलीकडच्या बिऱ्हाडाने काळे डाग झाकायला देवाचं कॅलेंडर टांगलं होतं. मावशींनी ते उचलून पाहिलं. "देवाच्या पाठीला बुरशी, अन् पुढून उदबत्ती दाखवून राहिलात?" त्या घरची सून फुगून बसली. दुसऱ्या दिवशी मावशीच खराटा घेऊन तिची भिंत घासायला हजर.

आम्ही हसायचो. पण त्यांची थोरली शकू दम्याची होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बुरशीच्या वासाने तिचा दम उठायचा. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला डोकं टेकून बसूनच झोपायची. दर उन्हाळ्यात मावशी ती भिंत खरवडायच्या, सुकू द्यायच्या आणि चुन्यात मोरचूद कालवून हात मारायच्या. शकू डोकं टेकायची तिथे तेलाचा डाग पडला होता. त्यावर चुना नीट धरायचा नाही, पोपडे सुटायचे. "डोस्कं हाये का तेलाचा घाणा?" असं करवादायच्या आणि संध्याकाळी त्याच डोक्याला पुन्हा तेल चोपडायच्या.

एका पावसाळ्यात शकू गेली. दवाखान्यात नेता नेताच गेली. त्या दिवसाबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनी चुना भिजवला. मावशींनी त्यांच्या हातातून कुंचा काढून घेतला. "तेवढी भित राहू द्या."

घरात कुणी नसलं की मावशी त्या डागाला गाल लावून बसत. मी पाहिलं आहे. पाऊस लागला आणि त्या तेलकट जागी आधी पांढरा, मग काळा बुरा धरला. गल्लीभर भिंती तपासणारी बाई आपल्या भिंतीकडे मात्र बघेना. 'मावशी, भिंत खरवडा' हे कुणाच्या तोंडून निघणार होतं?

मग धाकटी बेबी खोकू लागली. एका दुपारी मावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, हिची बी छाती वाजून राहिली."

"मावशी, मी खरवडते. तुम्ही बेबीला घेऊन माझ्याकडे बसा."

"न्हाई. तिथं दुसऱ्याचा हात नको."

बेबीला माझ्या घरी निजवलं. मावशींनी तोंडाला पदर बांधला, बुरा उडू नये म्हणून भिंतीवर पाणी मारलं आणि खराटा चालवला. डागापाशी आल्यावर खराटा खाली ठेवला. तिथला चुना त्यांनी नखांनी सोडवला, जखमेवरची पट्टी काढावी तसा. मी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन मागे उभी होते. मला रडू आवरत नव्हतं. त्या रडत नव्हत्या.

मध्येच त्यांचा हात थांबला. जुन्या चुन्यात एक लांब केस चिकटला होता. त्यांनी तो ओढला नाही. पापुद्र्यासकट अलगद काढला, तळहातावर घेतला, बोटाने चाचपला.

"बघा न बाई," त्या म्हणाल्या, "तेल लावलेलंच हाये अजून."

तो केस त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि मागे न बघताच कुंच्यासाठी माझ्याकडे हात केला.