मुंडाशासकट मोजलेला माणूस

पेन्सिल तासताना लाकडाचा वास आला, की मला माझे चुलते आठवतात. मी तेव्हा भोरला चित्रकलेच्या शिकवणीला जायचे. माणसाचं डोकं पेन्सिलीनं मापायचं आणि त्याच्या साडेसात पट उंच माणूस काढायचा, असं सरांनी सांगितलं होतं. सकाळी चित्र द्यायचं होतं, म्हणून आमच्या गावी, गुंजवण्यात, गोठ्यापुढं, म्हशीशेजारी मी चुलत्यांना उभं केलं. चुलते म्हणजे आमच्या भावकीतले सगळ्यांत बुटके. "नाना, मुंडासं काढा की," मी म्हणाले. "चारचौघांत डोकं उघडं टाकत न्हाई, कागदावर कसं टाकू?" मग मी मुंडाशासकट डोकं मापलं आणि नियमाप्रमाणं साडेसात पट उंची दिली. कागदावर चुलते गोठ्याच्या पत्र्यापेक्षाही उंच निघाले. आधीच काढलेली म्हैस त्यांच्या शेजारी शेळी दिसायला लागली. मी खोडरबर उचलला, तर त्यांनी माझा हात धरला. "मानूस ऱ्हाऊ दे. म्हैस वाढीव." चुलती पिठाच्या हातानं बघायला आली. "तुमी खरंच येवढं असता, तर दोडकी काढाया म्या शिडीवर चढले नसते," ती म्हणाली. चुलत्यांनी कागद काही दिला नाही, आणि सकाळी मी सरांची बोलणी खाल्ली. आता मीच पोरांना चित्रकला शिकवते आणि मापाआधी समोर उभ्या माणसाला टोपी उतरवायला लावते. ते चित्र अजून चुलत्यांच्या पडवीत आहे. खिळा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर ठोकलाय, त्यामुळं त्या धिप्पाड गड्याला बघायला मला दर वेळी वाकावं लागतं.