मणिमहेशच्या वाटेवरची खडीसाखर

माझी मुलगी केतकी अकरा वर्षांची असताना तिला डायबेटिस झाला, आणि तेव्हापासून मी देवाकडे काही मागणं सोडून दिलं. दिवा लावत होते, कारण सासूबाई होत्या आणि आमच्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागतोच. हातही जोडत होते. पण मनात शब्द यायचे नाहीत. वयस्कर माणसांना होतो तो हा आजार नव्हे. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे रोज चार वेळा इंजेक्शन, तेही जन्मभर. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी रडत होते आणि केतकीने एकच विचारलं होतं, "म्हणजे मला सहलीला जाता येणार नाही का?" डॉक्टर म्हणाले, जाता येईल, काळजी घेऊन सगळं करता येईल. ते ऐकलं तिने. मी नाही ऐकलं. शाळेच्या एकाही सहलीला मी तिला पाठवलं नाही.

मी ठाण्यात कोपरीला राहते, घरीच ब्लाऊज शिवते. सुईशी माझी तीस वर्षांची ओळख, पण पोरीच्या दंडाला सुई टोचायची वेळ आली की हात कापायचा. पहिला महिनाही सरला नव्हता, तेव्हा तिने एक दिवस माझ्या हातातून इंजेक्शन काढून घेतलं. "आई, तू थरथरतेस. माझं मी करते." तिचं वजन तेव्हा जेमतेम सत्तावीस किलो होतं. त्या दिवशी मला वाईटच वाटलेलं. अभिमान वाटायला हवा होता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

शिकून ती घोडबंदर रोडला एका ऑफिसात लागली आणि रविवारी डोंगर चढायला लागली. जाण्याआधी सांगायची नाही. संध्याकाळी चिखलाचे बूट बाथरूममध्ये धुताना म्हणायची, "मी आज हरिश्चंद्रगडला गेलेले." मी चिडायचे, दोन दिवस बोलायचे नाही, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अशी दोन वर्षं गेली. मग एकदा ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "आई, हिमाचलमध्ये मणिमहेश म्हणून तळं आहे. तिथेही एक कैलास आहे, त्याच्या पायथ्याशी. चालत जायचं असतं. मी जाणार आहे आणि या वेळी तुला घेऊन जाणार आहे."

मी म्हटलं, "महादेवाने आपल्याला असं काय दिलंय, की एवढ्या लांब त्याच्या दारात जायचं?"

"मागायला नाही जायचं गं. भेटायला जायचं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, हे तरी नाही म्हणतील. हे भाताचा घास खाली ठेवून म्हणाले, "ती तुला विचारत नाहीये, सोबत नेतेय. दोन्हीत फरक आहे. जा तू."

मग चार महिने तिने मला तयार केलं. पहाटे उठून येऊरच्या जंगलातला चढ, सुट्टीच्या दिवशी कल्याणहून पुढे जाऊन मलंगगडाच्या पायऱ्या. मी दर पन्नास पायऱ्यांना बसायचे. ती थांबायची, पाण्याची बाटली द्यायची, "चल" म्हणायची नाही. मी उठेपर्यंत नुसती शेजारी उभी राहायची. डॉक्टरांकडून तिने चढाच्या दिवशी इन्सुलिन किती कमी करायचं ते लिहून आणलं आणि तो कागद मला दोनदा वाचून दाखवला. मला वाटत होतं मी तिला सांभाळायला निघालेय.

जूनच्या शेवटी आम्ही निघालो. यात्रा सुरू व्हायला अजून अवकाश होता. तिला गर्दी नको होती. पठाणकोट, चंबा, भरमौर, आणि हडसर नावाच्या गावापासून चालणं. पहिल्या दिवशी धणछोपर्यंत पोचलो. तिथे धबधब्यासमोर एका तंबूत मुक्काम केला. नदीचा आवाज इतका मोठा होता की बोलताना एकमेकींच्या कानाशी जावं लागत होतं. माझे पाय भरून आले होते, पण मी चालले होते. बावन्न वर्षांच्या, दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईने केलेलं चालणं होतं ते. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जी चूक झाली ती माझी होती. ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

ऊन वर आलं तसं केतकीने जॅकेट काढलं. त्याच्या खिशात ग्लुकोजच्या तीन पुड्या होत्या. साखर अचानक उतरली तर लगेच तोंडात टाकायला त्या ती कायम अंगावर ठेवते. वरच्या दुकानांसाठी रेशन घेऊन एक खेचरवाला चालला होता. मी तिच्या मागे लागले, तुझी सॅक त्याच्याकडे दे, खांदे बघ कसे लाल झालेत. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. जॅकेट मीच सॅकमध्ये कोंबलं. तिने विचारलं, "खिशातलं काढलंस ना?" मी म्हटलं, "हो, हो." मला वाटलं ती फोनबद्दल विचारतेय, आणि फोन मी काढून घेतला होता. माझी पिशवीही मी त्याच खेचरावर टाकली. बिस्किटं, चिक्की, सगळं त्यात. आमच्याजवळ उरली पाण्याची बाटली, रेंज नसलेला फोन आणि केतकीच्या कमरेचा छोटा बटवा. त्यात इन्सुलिन आणि साखर तपासायचं मशीन होतं.

सुंदरासी नावाच्या टप्प्यापुढे नुसता दगडांचा खडा चढ लागतो. तासाभराने ढग खाली उतरले आणि वीस पावलांपलीकडचं दिसेना. केतकी पुढे होती. ती एका खडकाला टेकून बसली. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम होता. ती म्हणाली, "आई, पुडी." जीभ जड झाली होती. मी तिच्या कमरेला, पँटच्या खिशांना हात लावला आणि पुड्या कुठे आहेत ते माझ्या लक्षात आलं. तिच्याही लक्षात आलं. तिने मशीन काढलं, पण थंडीने ते चालेना, तर काखेत धरून गरम केलं. बोट टोचलं. आकडा आला अठ्ठेचाळीस. ज्यांना ह्यातलं ठाऊक नाही त्यांना सांगते, सत्तरच्या खाली गेलं की धोका असतो, आणि आणखी उतरत गेलं तर माणूस बेशुद्ध होतो.

मी हाका मारल्या. "कोणी आहे का? कोई है?" ढगात हाका कुठेच जात नव्हत्या. तिला सोडून धावत जावं तर ती पडेल, न जावं तर काय करावं? तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी तिचे हात चोळत होते आणि तेरा वर्षं बंद असलेलं काहीतरी माझ्या तोंडून बाहेर पडलं. प्रार्थना म्हणावी असं ते नव्हतं. मी वर बघून, मोठ्याने, भांडावं तसं म्हटलं, "तुझ्या दारात आणलीय. माझ्याच्याने जेवढं झालं तेवढं मी केलं, आता माझ्या हातात काही नाही. आता तू बघ."

खडकाच्या पलीकडून काठीचा आवाज आला. ठक, ठक. एक बाई खडकाला वळसा घालून आली. साठीची असेल, अंगात लोकरीचा जाड झगा, डोक्यावर ओढणी. ती त्याच खडकाला पलीकडून टेकून बसली होती, हाका ऐकून कशीबशी उठून आली. आम्ही अलीकडे, ती पलीकडे. केतकीकडे बघून तिने विचारलं, "क्या हुआ बेटी को?"

"शुगर... चीनी चाहिए. मीठा कुछ भी." माझं हिंदीही मला सापडेना.

तिने ओढणीची गाठ सोडली. आत अक्रोड आणि खडीसाखर होती. वर तळ्याच्या काठी महादेवाला दाखवून आणलेला प्रसाद. "ले, ऊपर का है," ती म्हणाली.

आणि मी क्षणभर थांबले. हे सांगायला मला लाज वाटते, पण तसंच झालं. तेरा वर्षांत केतकीच्या हातावर आलेला प्रत्येक पेढा, प्रत्येक लाडू मी काढून घेतला होता. कपाळाला लाव आणि दे इकडे. डॉक्टरांनी थोडं चालेल सांगूनही मी देवाचं गोड तिच्या तोंडात पडू दिलं नव्हतं. त्या सवयीने माझा हात पुढे झालाच नाही. त्या बाईने मला बाजूला सारलं, खडीसाखर दगडाने ठेचली आणि चिमटीने केतकीच्या ओठांत घातली. "चूस, बेटी, चूस." मग तिच्या पाठीमागे बसून तिला स्वतःच्या छातीशी टेकवून घेतलं. मी भानावर आले. उरलेला चुरा बाटलीच्या झाकणात पाण्यात विरघळवून घोट घोट पाजू लागले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. केतकीने डोळे नीट उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, तू रडू नकोस, मला मोजता येत नाही." ती घड्याळात मिनिटं मोजत होती! पंधरा झाल्यावर तिने पुन्हा बोट टोचलं. एकोणऐंशी.

त्या बाईचं नाव विमला. खालच्याच एका गावची, माणसं तिची पुढे उतरून गेली होती. "मेरा घुटना बैठ गया था," ती म्हणाली. "आधा घंटा हो गया, कोस रही थी महादेव को, कि दर्शन दिए और घुटना ले लिया." मग केतकीच्या गालावर हात फिरवून म्हणाली, "अब नहीं कोसूँगी."

मी म्हटलं, आता खाली जायचं. विमलादीदींसोबतच उतरू. केतकी म्हणाली, "आई, नीट ऐक. दोन अक्रोड खाते, अर्धा तास बसते, परत तपासते. एकशेवीसच्या वर असेल आणि डोकं साफ असेल तर वर, नाहीतर खाली. आकडा खाली म्हणाला तर मी हट्ट करणार नाही. वर म्हणाला तर तू नाही करायचास. ठरलं?"

इतक्या शांतपणे माझ्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. भीती तिलाही होती. पण भीतीला बाजूला बसवून तिने हिशोबाने निर्णय घेतला. विमलादीदींनी विचारलं, "बेटी डॉक्टर है क्या?" मी म्हटलं, "नहीं दीदी. पर अपनी डॉक्टर खुद है." हे मी म्हटलं आणि माझीच मान उंच झाली. तेरा वर्षं जिला मी आजारी समजत होते तिच्याइतकी खंबीर मुलगी मी पाहिलेली नाही.

आकडा आला एकशे बत्तीस. मी उठले. विमलादीदींनी उरलेली सगळी खडीसाखर केतकीच्या बटव्यात ओतली आणि काठी टेकत खाली निघाल्या. वीस पावलांवर त्यांना ढगाने घेतलं, पण काठीचा आवाज बराच वेळ येत होता.

गौरीकुंडापाशी खेचरवाल्याकडून सामान घेतलं. तिथून तळं जवळच. काठाला अजून बर्फ होता, पाणी हिरवट काळं, हलत नव्हतं. उघड्यावरच महादेवाची मूर्ती, त्रिशूळ, घंटा. कैलासाचं शिखर काही दिसलं नाही. लोक म्हणतात ते ज्याला दिसतं तो भाग्यवान. मी शिखराकडे फारसं पाहिलंही नाही. मी तिच्याकडे बघत होते. ती गुडघे पाण्याशी टेकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावत होती. ती जन्मली तेव्हा सासूबाई नावावरून कुरकुरल्या होत्या, केतकीचं फूल महादेवाला चालत नाही म्हणून. केतकीला ते माहीत आहे. तिने मूर्तीकडे बघून हसून म्हटलं, "चालत नाही म्हणतात तुला. बघ, चालत आले."

मी तिथे काहीच मागितलं नाही. पण या वेळचं न मागणं वेगळं होतं. पूर्वी रागाने तोंड फिरवून बसायचे. आज मागायला काही उरलंच नव्हतं.

परत आल्यावर शेजारणी म्हणाल्या, ती बाई म्हणजे साक्षात पार्वतीच. मी वाद घालत नाही, पण तसं म्हणतही नाही. विमलादीदी खऱ्या आहेत. दिवाळीला त्यांचा फोन येतो, त्या त्यांच्या हिंदीत आणि मी माझ्या हिंदीत बोलतो, निम्मं कळत नाही. गुडघा अजून दुखतो त्यांचा. मला एवढंच वाटतं, की मी इतकी वर्षं माझ्या लेकीला एकटीने उचलून धरायला बघत होते आणि तिचं ओझं पेलवत नाही म्हणून देवावर चिडत होते. ती ओझं नव्हतीच. तिला स्वतःचे पाय होते. जिथे ते पुरले नाहीत तिथे कुणीतरी आधीच खडकाला टेकून बसवलेलं होतं. सोडून देणं म्हणजे टाकून देणं नसतं, हे मला त्या चढावर कळलं. त्याबद्दल मी रोज दिव्यासमोर आभार मानते. आता शब्द येतात.

परवा एक गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप द्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "केतकी दिसली नाही कुठे?" मी टेप त्यांच्या खांद्याला लावत म्हटलं, "काश्मीरला गेलीय. सात तळ्यांचा ट्रेक आहे, आठ दिवसांचा."

"एकटी? अहो, तिला ते... डायबेटिस आहे ना?"

"आहे ना," मी म्हटलं. "बाही किती लांब ठेवायची?"