आधी जावयाचं घर बघू!

चांगल्या कामाला निघालेल्या माणसांचे किस्से फार साठतात, कारण त्यांच्याइतकी फजिती दुसऱ्या कुणाची होत नाही! आम्ही तिघं तसलेच. मी टिळकवाडीत राहणारी शाळेतली बाई, शेजारचे अण्णा वकील आणि जवळच्या खेड्यातली खड्या आवाजाची गंगाक्का. त्या काळी दलाल परगावचं स्थळ दाखवून गरिबांच्या मुली न्यायचे आणि मुंबईत विकायचे. गावोगाव फिरून लोकांना सावध करायचं, हे आमचं काम.

*

पहिली सभा निपाणीत, तंबाखूच्या वखारीसमोर. अण्णांनी तासभर कायद्याची कलमं सांगितली. बायका एकदम शांत! आम्ही खूश.

शेवटी एक म्हातारी उठली. "वकीलसायेब, समदं पटलं बगा. पर तुमची पोरगी कवा पळवली?"

*

मग अण्णांनी पत्रकं छापली. पुढच्याच आठवड्यात मी खडेबाजारात शेंगदाणे घेतले, तर पुडी आमच्याच पत्रकाची! मी चिडले.

अण्णा मात्र पुडी उलगडून म्हणाले, "बाई, आपण फुकट देत होतो तर कुणी घेत नव्हतं. आता लोक विकत नेताहेत!"

*

खरी तोड काढली गंगाक्कानं. आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात. दलाल म्हणायचा, "लांब आहे, कशाला त्रास?" आणि लोक भिडेनं गप्प बसायचे.

गंगाक्का हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना सांगायची, "हुंडा नको म्हंतोय? बरं. लग्नाचा खर्च बी करतोय? लई बरं. पर घर दावत न्हाय? मग त्येला उंबऱ्याच्या आत घिऊ नगा!"

हे इतकं मनावर घेतलं गेलं, की एका गावात गल्लीतल्याच मुलाचं स्थळ आलं, तरी बायका गाडी जुंपून त्याचं घर बघायला गेल्या!

*

आणि मग गंगाक्काच्याच बहिणीच्या मुलीवर, मैनेवर वेळ आली. बाप नाही, आई भोळी. 'मुलाचा मामा' म्हणवणारा एक गोडबोल्या आला. मुलगा म्हणे मुंबईला गिरणीत, लग्न तिकडंच! आईनं होकार दिला. आम्हाला कळलं ते मैना त्या मामाबरोबर स्टेशनकडे निघाल्यावर.

गंगाक्का ओरडली नाही, रडली नाही. तिनं भावकीतल्या बायका गोळा केल्या. अण्णा तिकिटं काढायला पुढं धावले.

गाडी सुटायच्या आत मैनेभोवती डबाभर बायका बसल्या, मांडीवर भाकरीची गठुडी घेऊन! मैनेनं माझा हात घट्ट धरला.

"घर बगाय येतोय, मामा," गंगाक्का म्हणाली.

मामांना घाम फुटला. "एवढ्या जणी?"

"ह्या निम्म्याच! बाकीच्या फुडच्या टेसनावर चढत्यात."

पाच्छापूर स्टेशनावर मामा पाणी आणायला म्हणून उतरले. त्यांचा पितळी तांब्या मात्र बाकावरच राहिला! अण्णा मागं धावले, पण मामा रुळांपलीकडच्या शेतात दिसेनासे झाले होते. पुढच्या स्टेशनावर आम्ही सगळे उतरलो, भाकरी खाल्ली आणि मैनेला घेऊन घरी आलो.

वर्षभरानं मैना खानापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी दिली. घर आम्ही दोनदा बघून आलो होतो! लग्नात रुखवताच्या मधोमध एक पितळी तांब्या लखलखत होता.

विहीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "ह्यो कुनी दिला वं?"

गंगाक्का म्हणाली, "मामानं!"