मेंढवाटेला लागलेलं फाटक

जुन्या गल्ल्यांना नावं कशी पडली, हे विचारत हिंडायची मला खोड आहे. दिवाळी सरल्यावर मैत्रीण सुनंदा म्हणाली, इंदापुरात आमच्या तात्यांकडे चल, त्यांच्या रस्त्याचं नावच मेंढवाट आहे. शनिवारी सकाळी आम्ही दोघी माझ्या गाडीने पुण्याहून निघालो.

बारामतीत मिसळ खाल्ली. शंभराच्या आत पोट भरतं. रस्ते गुळगुळीत, तक्रारीला जागा नाही. पण पेठेतल्या एका गल्लीचं जुनं नाव घेतलं, तर रिक्षावाल्याने मोबाइलवर नकाशा उघडला. गल्लीला नवी पाटी, नवं नाव, आणि देणगीदारांची अक्षरं त्याहून ठळक. माझं डोकं तिथेच तापायला लागलं. पुढे कळंबच्या बाजूने उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडावं लागतं, वेळ हाताशी ठेवा.

तात्या म्हणजे सुनंदाचे थोरले चुलते. घरात पूर्वी मेंढरं होती. आता ते ट्रॅक्टर दुरुस्त करतात. त्यांचा धाकटा भाऊ मात्र अजून दर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे निघतो. कळप या रस्त्याने जाताना बायका पुढच्या मेंढीला हळद लावतात, म्हणून ही मेंढवाट. आम्ही पोचलो तर रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि वर पाटी, 'गुलमोहर अव्हेन्यू'. आत नव्या बंगल्यांची रांग.

कळप दुसऱ्याच दिवशी निघणार होता, म्हणून तात्यांना घेऊन आम्ही फाटकाशी गेलो. पहारेकरी म्हणाला, रस्ता खासगी आहे, जनावरं सोडता येणार नाहीत. तेवढ्यात आतून बंगलेवाल्यांपैकी एक साहेब आले. मी मेंढवाटेचं नाव काढल्यावर ते हसले आणि त्यांनी तात्यांकडे बोट केलं.

"असं नाव कुठे लिहिलंय? आणि पाटीचा नारळ यांनीच फोडलाय की."

तात्यांनी मान खाली घातली. दिवाळीच्या पाडव्याला बंगलेवाल्यांनी त्यांना फेटा बांधून पुढे उभं केलं होतं. वडीलधाऱ्याने नारळ फोडला की काम सगळ्यांना मान्य, ही इथली रीत. तात्यांना वाटलं, रस्त्यावर डांबर पडतंय, चांगलंच आहे.

"पाटी झाकल्याली हुती," ते म्हणाले. "मान दिल्यावर न्हाय कसं म्हनायचं?"

मला संताप आला. माणसाचा भिडस्तपणा हेरून त्याच्याच हातून त्याची वाट बंद करायची, आणि वर हसायचं! फेटा बांधून केलेली ही चोरी आहे, असं मी साहेबांना तोंडावर सांगितलं. ते आत निघून गेले.

रविवारी सकाळी परत निघालो. भिगवणला मासे खाल्ले. चांगले असतात म्हणे, मला चव लागली नाही.

सोमवारी घरी तात्यांचा फोन आला. कळप हायवेने न्यावा लागला आणि चार मेंढरं ट्रकखाली गेली. मी साहेबांना शिव्या घालत राहिले, पोलिसांत जाऊ म्हणाले. तात्या ऐकून घेत होते. शेवटी मी विचारलं, भाऊ काय म्हणतोय?

"त्यो माझ्याशी बोलत न्हाय," तात्या म्हणाले.