सात वेळा म्हटलेलं

आईने जिथे नाक घासलं ती जमीन अजून ओली होती.

खोताच्या गोठ्यामागे शेणपाण्याचा चर होता. त्याच्या कडेला आईला गुडघ्यांवर बसवलं होतं. सकाळी गाय गाभडली होती, म्हणजे वासरू दिवस भरायच्या आधीच मरून पडलं होतं. आई नुकतीच ते पुरून आली होती. हात कोपरापर्यंत रक्ताचे. धुवायलाही सवड दिली नाही.

खोत पडवीत उभा होता.

"रखमे, घास. सात वेळा. आणि म्हण, माझ्या नजरेनं गेलं."

आईने घासलं. दर वेळी म्हणाली, "माज्या नजरंनं गेलं जी."

मग खोताने माझ्याकडे पाहिलं. मी महाडला इंग्रजी पाचवीत शिकत होतो, सुटीत घरी आलो होतो. अंगात शाळेचा सदरा होता.

"हे बघा आमचे पंडित. घास रे तूपण. आईच्या पापातलं अर्धं पोरानं घ्यावं."

गोठ्याच्या दारात धोंडू गडी हसला.

मी घासलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी जे केलं ते वाचून कुणी मला शूर समजू नये.

आमचं गाव पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना लागतं. खोताचं दूध पोलादपूरच्या बाजारात जायचं. त्या वर्षी त्याने घाटावरून दोन दुभत्या गाई आणल्या. शिंगांना गोंडे, कपाळाला हळदकुंकू, पुढे ताशा. आम्ही लांबून बघितलं. दोन-तीन महिन्यांत त्यातलीच एक गाभडली. मग दुसरी. मग गोठ्यातल्या जुन्या गाई, एकामागून एक. घाटावरच्या गाईंकडे कुणी बोट दाखवलं नाही. बोट आईकडे गेलं.

कारण गोठ्यात आईचा हात लागत होता. गाय गाभडली की वार, म्हणजे पोटातली वासराभोवतीची जाळी, आत अडकून राहते. ती हात घालून काढायची, वासरू पुरायचं, जागा खरवडायची, हे काम महारवाड्यातल्या बाईचं. एरवी आमची सावली त्या गोठ्यावर चालत नसे. या कामापुरतं मागचं दार उघडायचं. आईचा हात गाईच्या पोटात चालायचा. काम झालं की दारावर गोमूत्र शिंपडत.

मेलेलं ढोर ओढायचं नाही, असं आमच्या वाड्यातल्या पुरुषांनी त्याआधीच ठरवलं होतं. महाडच्या तळ्यावर आमची माणसं पाणी प्यायली, त्यानंतरची गोष्ट. सगळ्यांनी शपथ घेतली. वारेचं काम त्या शपथेत आलंच नाही. ते बायकांचं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

गाभडलेल्या गाईचं दूध खोताच्या घरात कुणी पीत नसे. अशुभ. ते आईला मिळायचं. धोंडू वरून धार सोडायचा, आई खाली मडकं धरायची. सुटीत मी घरी असलो की ती ते मला द्यायची.

"तापवू नुको. कच्चंच पी. अंगाला लागतं."

मी प्यायचो. मॅट्रिक झालो तेव्हा मी मनातल्या मनात खोताच्या दुधाचे आभार मानले होते. खोटं कशाला सांगू?

आईला ताप सुरू झाला. यायचा, आठ-दहा दिवस राहायचा, जायचा. बरं वाटलं म्हणेपर्यंत परत यायचा. घामाने गोधडी भिजायची. सांधे धरले. कंबर वाकली ती वाकलीच. हिवतापाच्या पुड्या घेतल्या, उतार पडला नाही. भगत म्हणाला, गाईचा तळतळाट आहे. आईला ते पटलं.

सगळ्यात वाईट हेच की तिला पटलं. तिने गाभण जनावराकडे बघणं सोडलं. वाटेत गाभण शेळी दिसली तरी पदर डोळ्यांवर ओढून कडेला उभी राहायची. आणि वार काढायला बोलावलं की परत जायची. तिथे तर मान खाली घालून, डोळे मिटून काम करायची. हाताला कळतं, म्हणायची.

पुढे मला मुंबईला कॉलेजात जाता आलं. वसतिगृहात फुकट राहिलो, दुसऱ्यांची पुस्तकं वाचली. ज्यांनी हे दिलं त्यांची मला रोज आठवण येते. दुसऱ्या वर्षी मला ताप भरला. गेला, परत आला. आईसारखाच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं,

"घरी गाई आहेत?"

"नाहीत. आमच्या आईला खोताच्या गाईंच्या वारा काढाव्या लागतात."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "गाभडलेल्या?"

"हो."

"दूध?"

"तेच प्यायचो. कच्चं."

त्यांनी नीट समजावून सांगितलं. गाई ज्या रोगाने गाभडतात तोच माणसाला तापाच्या रूपाने धरतो. वारेत आणि त्या पाण्यात तो सगळ्यात जास्त असतो. हाताच्या चिरांतून शिरतो, कच्च्या दुधातून शिरतो. गरोदर बाईने तर अशा गोठ्याकडे फिरकूसुद्धा नये.

मी विचारलं, "माणसाच्या नजरेने गाय गाभडते का?"

डॉक्टर हसले नाहीत. "तुम्ही बी.ए.ला आहात ना?" एवढंच म्हणाले.

मला त्या ओल्या जमिनीचा वास आला. रोग त्यांच्या गोठ्यातून आमच्या घरात आला होता. आणि त्याच रोगाच्या पाण्यात त्यांनी आईचं नाक घासून घेतलं होतं, रोग आमच्या घरातून त्यांच्या गोठ्यात गेला म्हणून. डॉक्टरांकडून मी ते सगळं कागदावर लिहून घेतलं.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो. माझा भाऊ मुंबईला गोदीत असतो. त्याची बायको शेवंता, आमची वहिनी, पाच महिन्यांची गरोदर होती. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. वहिनीने भाकरी आणली तरी वळली नाही.

"असंच करतात ओ," वहिनी म्हणाली. "माज्याकडं बघतच नायत. पोटाला नजर लागंल म्हनतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडू आला. अंगणाच्या बाहेरच उभा राहिला. गाल बसलेले, अंगावर भर उन्हात कांबळं.

"रखमे, चल गो. तांबडी गाभडली. वार अडकली हाय."

"माज्यानं उठवत नाय रं," आई भिंतीकडे बघूनच म्हणाली.

"मंग सुनंला धाड. खोतानं सांगितलंय, सून आली तरी चालंल."

वहिनी उठली. पदर खोचला. ती जायला निघालीसुद्धा, कारण बोलावलं की जायचं असतं.

मी दारात आडवा उभा राहिलो. "वहिनी, बस. मी जातो."

मी गोठ्याच्या मागच्या दाराला गेलो नाही. पुढून गेलो, अंगणात. खोत पडवीतच होता.

"तू कशाला आलास? बाई कुठाय?"

"येणार नाही. आईही नाही, वहिनीही नाही. आमच्या वाड्यातली कुणीच नाही."

"का? तिकडं कालेजात गाईला शिवायचं नाही असं शिकवतात काय?"

"गाईला रोग आहे. तुम्ही घाटावरून आणलात तो. त्याच रोगाने आई आजारी आहे, मी आजारी आहे, तुमचा धोंडूही आजारी आहे. वारेला उघड्या हाताने शिवू नका. खोल पुरा, वर चुना टाका. दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका."

खोत लाल झाला. "गाईची निंदा करतोस? माझ्या दारात? मग वार काढणार कोण?"

"ज्याची गाय त्याने."

"बलुतं बंद करीन. वाट बंद करीन."

"करा."

मी वळलो. मागे न बघता चालू लागलो. या वेळी नाक जमिनीच्या बरंच वर होतं.

वाटेत धोंडूने गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, माजा ताप पन त्यातलाच काय रं?"

हाच त्या दिवशी हसला होता. मी त्याला डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

बलुतं बंद झालं. वाटही बंद झाली. आम्ही ओढ्यातून फिरून जायला लागलो. पण तो कागद मी वाड्यातल्या बायकांना वाचून दाखवला होता, आणि त्यातली एकही मागच्या दाराला गेली नाही.

आईलाही मी तो वाचून दाखवला. दोनदा. तिने शांतपणे ऐकला.

"तू शिकलास बाळा, तुजं खरं असंल. पन मी सात येळा म्हनले हाय."

भाद्रपदात वहिनीला मुलगी झाली. धडधाकट. तिला आईच्या मांडीवर ठेवली. आईने हाताने तिचं डोकं, नाक, बोटं चाचपली. डोळे घट्ट मिटलेले होते. शिमग्याच्या आधी आई गेली. नातीचा चेहरा तिने पाहिला नाही.

आता मी बी.ए. झालो आहे. त्या कागदाच्या नकला मी हाताने केल्या आहेत. रविवारी महाड-पोलादपूरकडच्या एकेका महारवाड्यात जातो आणि पुरुषांना नाही, बायकांना पुढे बसवून वाचतो. शपथ पुन्हा घ्यायची आहे. या वेळी त्यात वार आहे. जिथे कुणा बाईने असं नाक घासलं असेल तिथे मी तिच्यासमोर बसतो आणि सांगतो, तुझ्या नजरेने काही गेलं नाही. तिला पटेपर्यंत सांगतो. सातच वेळा का, सत्तर वेळा सांगीन.

आईला पटवायला मला उशीर झाला. आणखी कुणाच्या आईला पटवायला उशीर होऊ देणार नाही. आणि मागच्या दाराने आमच्यातलं कुणी आत जाणार नाही.