धर्मापुरीतलं दाबून धरलेलं हसू

निवृत्तीअण्णांची माझी पहिली ओळख आवाजातूनच झाली. गेवराईला आमच्या घरी रविवारी रेडिओवर ‘बिनकामाची बैठक’ लागायची. तिच्यातला भांडखोर सरपंच अण्णाच करत. पुढे मी नोकरीसाठी बीडला आले आणि धीर करून त्यांना एक प्रहसन लिहून दिलं. माझ्यासमोरच त्यांनी ते वाचलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “धर्मापुरीत लोकांसमोर करून बघू. हसले तर पुढं लिवा. न्हाई हसले तर हे राहू द्या,” एवढंच म्हणाले.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत अण्णा फार काटेकोर. धर्मापुरी गावच्या शाळेच्या सभागृहात सतरंजीवर बहुतेक बायाच बसल्या होत्या. अण्णांनी बजावलं, “लाल दिवा लागला की आवाज न्हाई. बांगडीसुद्दा वाजू द्यायची न्हाई.”

प्रहसन सुरू झालं. पहिल्या विनोदाला कोणी हसलं नाही. दुसऱ्यालाही नाही. पडद्याआड उभ्या उभ्या मी, आता पुन्हा लिहायचं नाही, असं ठरवून टाकलं. तंत्रज्ञ कुजबुजले, “अण्णा, हशा नंतर जोडू.”

अण्णांनी रेकॉर्डिंग थांबवलं. खाली उतरून ते पुढच्या म्हातारीसमोर बसले.

“मावशी, आवडंना का?”

मावशींनी तोंडात कोंबलेला पदर काढला. डोळ्यांत पाणी होतं. “लई आवडायलंय बाबा! पर तुमीच म्हनलात आवाज न्हाई. दाबून दाबून पोट दुकायलंय.”

“मी तर सोताला चिमटे काढायले,” मागून कोणी म्हणालं, आणि सगळं सभागृह फुटलं.

अण्णांनी हात जोडले. “चूक माजी हाय. पुन्हा पहिल्यापासून करू.”

“आता विनोद कळलेत त्यांना,” तंत्रज्ञ म्हणाले. तरी अण्णांनी ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला बाया वाक्य संपायच्या आधीच हसू लागल्या. अण्णा प्रत्येक वेळी थांबले, हसू पुरतं ओसरू दिलं आणि मगच पुढचं वाक्य घेतलं.

अण्णांची ती सूचना बायांनी इतकी चोख कशी पाळली, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. हसू गिळायची सवय त्यांना आधीपासूनच होती. मलाही होती. पोरीच्या जातीनं दात दाखवू नयेत, असं आई म्हणायची. ते प्रहसन रेडिओवर लागलं तेव्हा आईनं आधी उठून दार लावून घेतलं, आणि मग ती मोठ्यानं हसली. त्या दिवसापासून मी लिहीत आले.

अण्णांना आता जरा कमी ऐकू येतं. रेकॉर्डिंगला ते सतरंजीच्या अगदी जवळ उभे राहतात. हसू कानांवर आलं नाही तर डोळ्यांनी टिपतात. सुरुवातीच्या सूचना अजूनही देतात, पण शेवटी न चुकता म्हणतात, “आन् हसू आलं तर हसा, माय.”

पंचाहत्तरीच्या या वळणावर अण्णांना ठणठणीत तब्येत आणि उदंड आयुष्य लाभो. त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो. आम्ही समोर बसूच, आणि हसून हसून त्यांना पुढच्या वाक्यासाठी ताटकळत ठेवू.